क्लीव्हलँडची हेल्थलाइन: बीआरटीची मिनिटं नेमकी कुठे गळतात

प्रश्न पुण्याहून आलाय. रस्ते-वाहतुकीच्या कामात असलेले एक इंजिनिअर विचारतात: अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहराची हेल्थलाइन ही बीआरटी (बस रॅपिड ट्रान्झिट, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणारी जलद बससेवा) प्रत्येक सादरीकरणात आदर्श म्हणून दाखवतात. पण तिथे राहणारे लोक म्हणतात, ‘कसली रॅपिड, साधी लांब बस आहे, सारखी सिग्नलला उभी.’ खरं काय मानायचं? आणि जोडीला एक घरचा प्रश्न: भाचा तिथल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात शिकायला चाललाय, गाडी न घेता त्याचं निभेल का?

भाच्याकडे शेवटी येतो. आधी पहिला प्रश्न. दोन्ही बाजू खरंच बोलतायत, फक्त वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. सादरीकरणात दिसतो तो रस्ता, आणि तो खरोखर चांगला बांधलाय. प्रवाशाच्या वाट्याला येतो तो कारभार, आणि तो २००८ नंतर एकेक करून सैल होत गेला. माझं काम अमेरिकेतल्या बससेवांची वेळापत्रकं बसवण्याचं. त्यामुळे मी असल्या मार्गाकडे सेकंदांच्या हिशोबानेच बघतो, आणि हेल्थलाइनचा हिशोब मांडायला जरा वेळ लागतो.

क्लीव्हलँड हे ईरी सरोवराच्या काठचं, तेल आणि पोलादावर वाढलेलं शहर. १९५० मध्ये लोकसंख्या नऊ लाखांच्या वर होती, २०२० च्या जनगणनेत ती पावणेचार लाखांच्याही आत आली. म्हणजे जुन्या मोठ्या शहराच्या मापाचे रस्ते आणि आज मध्यम शहराएवढी माणसं. युक्लिड ॲव्हेन्यू हा त्यातला मुख्य रस्ता. मध्यवर्ती पब्लिक स्क्वेअरपासून निघून पूर्वेला नाट्यगृहांचा प्लेहाउस स्क्वेअर, क्लीव्हलँड स्टेट युनिव्हर्सिटी, मग क्लीव्हलँड क्लिनिक हे अवाढव्य रुग्णालय, पुढे युनिव्हर्सिटी सर्कल आणि शेवटी शेजारच्या ईस्ट क्लीव्हलँड गावातलं विंडरमिअर. एकोणिसाव्या शतकात या रस्त्यावर लक्षाधीशांचे वाडे होते, जॉन रॉकफेलरचंही घर इथेच होतं. नंतर वाडे गेले, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ट्रामही गेली, आणि उरली ६ नंबरची बस.

१९५५ मध्ये विंडरमिअरपासून मध्यवर्ती भागापर्यंत जलद रेल्वे सुरू झाली, आजची रेड लाइन. पण ती जुन्या रेल्वेमार्गांच्या कडेने धावते. युक्लिडवरची बहुतेक रुग्णालयं, कॉलेजं, नाट्यगृहं तिच्या वाटेवर येत नाहीत. शहरातल्या नोकऱ्यांची दोन सगळ्यांत मोठी ठिकाणं, मध्यवर्ती भाग आणि युनिव्हर्सिटी सर्कल, यांना जोडायला रेल्वे असूनही लोक ६ नंबरच्या बसला लटकत होते. १९८० च्या दशकात या दोन टोकांना युक्लिडमार्गे रेल्वेने जोडायचा अभ्यास झाला. खर्च झेपेना, म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यावर रेल्वे सोडून बसचा पर्याय घेतला गेला. मंडळी ब्राझीलमधलं कुरितिबा पाहून आली. तिथल्या नळकांड्यासारख्या बसथांब्यांची भुरळ त्या काळात साऱ्या जगाला पडलेली होतीच.

केंद्र सरकारकडून आठ कोटी डॉलरहून थोडे जास्त मिळाले, ओहायो राज्याने पाच कोटी दिले. रस्त्याची, पदपथांची आणि झाडांची कामं धरून एकूण खर्च वीस कोटी डॉलरच्या आसपास गेला. ऑक्टोबर २००८ मध्ये बस धावू लागली. सुरुवातीला प्रकल्पाचं नाव ‘सिल्व्हर लाइन’ असं होतं. पण क्लीव्हलँड क्लिनिक आणि युनिव्हर्सिटी हॉस्पिटल्स या दोन रुग्णालयांनी मिळून २५ वर्षांसाठी नावाचे हक्क विकत घेतले, म्हणून हेल्थलाइन. रक्कम साठ लाख डॉलरहून काहीशी जास्त. एका वर्षाला ती अडीच लाखांच्या घरात पडते, म्हणजे बसच्या कारभारात किरकोळच, पण बस चालवणाऱ्या, कायम टंचाईत असलेल्या संस्थेला तेवढेही हवेच असतात.

आता बांधलं काय ते बघू, कारण कौतुक त्याचंच होतं. पब्लिक स्क्वेअरपासून साधारण साडेचार मैल रस्त्याच्या मधोमध बससाठी राखीव मार्गिका. रंगाचा पट्टा मारून मोकळे झालेले नाहीत, खरी काँक्रीटची मार्गिका आहे. शंभराहून अधिक थांबे होते, ते चाळिशीच्या आत आणले. फलाट बसच्या फरशीला जवळपास समतल, तिकिटाची यंत्रं फलाटावर. साठ फुटी जोडबस, डिझेल-विजेवर चालणारी, आणि दोन्ही बाजूंना दारं, कारण काही थांबे मधल्या दुभाजकावर आहेत. (पुण्यातल्या रेनबो बीआरटीच्या बसना उजवीकडे दार असतं ना, कारण तेच, फक्त तिकडे वाहनं उजवीकडून चालतात म्हणून जादा दार डावीकडे.) सेवा चोवीस तास, गर्दीच्या वेळी सुरुवातीला दर पाच मिनिटांनी. पहिल्या काही वर्षांत प्रवासी जुन्या ६ नंबरपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी वाढले. बीआरटीचं जागतिक मानांकन करणाऱ्या आयटीडीपी या संस्थेने २०१३ मध्ये तिला रौप्य दर्जा दिला, तेव्हा अमेरिकेत त्याहून वरचा दर्जा कुणालाच नव्हता.

राखीव मार्गिका सगळ्या मार्गावर नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. युनिव्हर्सिटी सर्कलच्या पुढे, ईस्ट क्लीव्हलँडकडे बस इतर वाहनांच्या गर्दीत मिसळते. तो टापू त्या परिसरातल्या अत्यंत गरीब वस्त्यांपैकी, आणि बसची गरज तिथेच सगळ्यांत जास्त. ईस्ट क्लीव्हलँडची नगरपालिकाही वेगळी.

इथवरचं सगळं सादरीकरणात येतं. पुढचं येत नाही.

जुनी बस टोकापासून टोकापर्यंत साधारण ४० मिनिटं घ्यायची, नवी १२ मिनिटं वाचवेल असं सांगितलं होतं. ही १२ मिनिटं तीन ठिकाणांहून यायची होती: राखीव मार्गिका, सिग्नलचं प्राधान्य, आणि फलाटावर आधीच काढलेलं तिकीट. पहिली काँक्रीटची, म्हणून टिकली. बाकीच्या दोन गोष्टी म्हणजे नुसते निर्णय होते, आणि निर्णय फिरवायला कुदळ-फावडं लागत नाही.

सिग्नलचं प्राधान्य म्हणजे रुग्णवाहिकेसारखं ‘मी आलो, सगळे थांबा’ असं नसतं. बस चौकाजवळ आल्याचं सिग्नलला कळतं. हिरवा संपत आलेला असेल तर तो काही सेकंद लांबतो, लाल असेल तर काही सेकंद आधी सुटतो. बस्स, एवढंच. आता हिशोब करा. चौकातल्या सिग्नलचा फेरा, एका हिरव्यापासून पुढच्या हिरव्यापर्यंत, दीड मिनिटाचा असेल आणि बसचा हिरवा दोन सेकंदांनी हुकला, तर ते दोन सेकंद बसला चाळीस-पन्नास सेकंदांना पडतात. असे आठ चौक हुकले की सहा-साडेसहा मिनिटं गेली. वाचणार होती बारा.

बसचा हिरवा हुकणं हा अपवादही नाही. ओळीने लागणारे सिग्नल गाड्यांच्या चालीने बसवलेले असतात. ठरावीक वेगाने निघालेली गाडी एकामागून एक हिरवे पकडत जाते. बस मध्येच थांब्यावर वीस सेकंद उभी राहते आणि त्या लाटेतून बाहेर पडते, मग पुढचा प्रत्येक सिग्नल तिला लालच भेटतो. म्हणूनच प्राधान्य लागतं. त्यात मार्गिका रस्त्याच्या मधोमध असली की आणखी एक भानगड होते. डावीकडे वळणारी गाडी, म्हणजे आपल्याकडच्या हिशोबाने उजवीकडे वळणारी, बसच्या मार्गिकेला आडवी जाते. तिच्यासाठी वेगळा बाण द्यावा लागतो, आणि तो बाण चालू असताना सरळ जाणाऱ्या बसला थांबवावं लागतं. बससाठी वेगळे दिवे असतात, उभी-आडवी पांढरी पट्टी दाखवणारे, म्हणजे गाडीवाल्यांनी बसचा हिरवा आपला समजू नये. बाणाचा प्रत्येक सेकंद बसच्या सेकंदांतूनच कापला जातो.

आणि हे दिवे कुणाचे? महापालिकेचे. बस कुणाची? ग्रेटर क्लीव्हलँड रीजनल ट्रान्झिट ऑथॉरिटीची, थोडक्यात आरटीएची. दोन्ही वेगळी खाती. आडव्या रस्त्यांवरच्या गाडीवाल्यांच्या तक्रारी जातात महापालिकेकडे, बसमध्ये उशीर झालेल्यांच्या जातात आरटीएकडे. ज्याच्या हातात बटण आहे त्याच्या कानावर एकाच बाजूच्या तक्रारी पडतात. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको: गाडीवाल्यांची ओरड झाली आणि प्राधान्याची ती यंत्रणा बंद केली गेली. खांब होते, तारा होत्या, बसवर उपकरणं होती, पैसेही खर्च झालेले होते, फक्त ती चालू नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. उद्घाटनाच्या फोटोत आणि नंतरच्या फोटोत तसूभर फरक नाही. अमेरिकेत मी काम केलेल्या इतर ठिकाणीही हे असंच बघितलंय, त्यामुळे क्लीव्हलँडला एकटं धरून ठोकण्यात अर्थ नाही.

तिकिटाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि मला जास्त महत्त्वाची वाटते.

समजा गर्दीच्या वेळी एका थांब्यावर बारा माणसं उभी आहेत. तिकीट आधीच काढलेलं, सगळी दारं उघडी, फलाट समतल. बारा माणसं बारा-पंधरा सेकंदांत आत. आता याच बारा जणांना पुढच्या एका दाराने, ड्रायव्हरसमोरून चढवा. रोख टाकणाऱ्याला चार-साडेचार सेकंद लागतात, पास दाखवणाऱ्याला अडीचेक. त्यात एखाद्याची चुरगळलेली डॉलरची नोट यंत्र परत बाहेर ढकलतं, तो ती मांडीवर घासून सरळ करतो आणि पुन्हा घालतो, मागचे सगळे ताटकळत. पंधरा सेकंदांचा थांबा पाऊण मिनिटावर जातो, मग हिरवा हुकतो, मग पुढच्या थांब्यावर तोवर आणखी माणसं जमतात, आणि मागून येणारी रिकामी बस हिच्या पाठीला येऊन चिकटते. पंधरा मिनिटं बस नाही आणि मग एकदम दोन, हे कुणी मुद्दाम करत नाही, ते असं घडतं.

हेल्थलाइन सुरू झाली तेव्हा पद्धत होती ती विश्वासावर: तिकीट काढा, कुठल्याही दाराने चढा, तपासनीस आला तर दाखवा. युरोपात हे सर्रास चालतं. पण क्लीव्हलँडमध्ये तपासनीस होते आरटीएचे पोलीस, कमरेला पिस्तूल लावलेले. आणि विनातिकीट प्रवास हा फौजदारी गुन्हा. म्हणजे अडीच डॉलरच्या तिकिटासाठी कोर्टाची पायरी, आणि ती चढावी लागायची बहुतेक गरीब आणि कृष्णवर्णीय प्रवाशांना.

२०१७ मध्ये क्लीव्हलँडच्या नगर न्यायालयातल्या न्यायाधीश इमॅन्युएला ग्रोव्ह्ज यांनी निकाल दिला की कसलाही संशय नसताना पोलिसाने प्रवाशांना अडवून तिकिटाचा पुरावा मागणं हा राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीचा भंग आहे. ही दुरुस्ती नागरिकाला विनाकारण झडती आणि अटकावापासून संरक्षण देते. निकालाबद्दल वाहतूक क्षेत्रातल्या काही लोकांनी नाकं मुरडली. मला तो बरोबर वाटतो. तिकीट तपासूच नका, असं त्यात म्हटलेलं नव्हतं, आक्षेप पोलिसी तपासणीला होता. उपायही उघड होता: साध्या गणवेशातले, बिनहत्यारी कर्मचारी नेमा आणि गुन्ह्याऐवजी दंडाची पावती द्या.

पण तसं करायला कायदा बदलावा लागतो, माणसं नेमावी लागतात, त्यांना पगार द्यावा लागतो. त्याऐवजी सोपी वाट धरली गेली: पुढच्या दाराने चढा, भाडं ड्रायव्हरसमोर दाखवा. म्हणजे वीस कोटींच्या रस्त्यावर पुन्हा ६ नंबरची बस. दोन्ही बाजूंची दारं, समतल फलाट, फलाटावरची यंत्रं, सगळं जागच्या जागी, आणि लोक एका दारापुढे रांगेत. ‘साधी लांब बस’ ही तक्रार तुम्ही ऐकलीत ती बरीचशी या काळातली असणार. २०२२ मध्ये आरटीएने ‘ट्रान्झिट ॲम्बॅसडर’ नावाने बिनपोलिसी कर्मचारी आणले, तिकीट न काढणं फौजदारी गुन्ह्यातून बाहेर काढलं गेलं. पाच वर्षं त्यात गेली, आणि मध्ये कोविडही येऊन गेला.

तिसरी गळती वारंवारितेची, म्हणजे बस किती मिनिटांनी येते त्याची, आणि ती पैशाची आहे. आरटीएचं पोट मुख्यतः कुयाहोगा काउंटीतल्या (क्लीव्हलँडच्या जिल्ह्यातल्या म्हणा) एक टक्का विक्रीकरावर भरतं. हा कर १९७० च्या दशकात मतदारांनी मंजूर केला. लोकांनी खरेदी कमी केली की बस कमी होते, इतकं सरळ. राज्याकडून फारसं येत नाही, आणि पेट्रोलवरच्या कराला तर हातच लावता येत नाही, कारण ओहायोच्या राज्यघटनेने तो पैसा महामार्ग-रस्त्यांसाठी बांधून ठेवलाय. हेल्थलाइन ऑक्टोबर २००८ मध्ये सुरू झाली, म्हणजे अमेरिकेतली अर्थव्यवस्था कोसळत होती त्याच महिन्यांत. २०१० च्या वसंतात आरटीएला एकूण सेवेत सुमारे १२ टक्के कपात करावी लागली. हेल्थलाइनला त्यातल्या त्यात जपलं, पण दर पाच मिनिटांची बस पुढे विरळ होत गेलीच. पाचाची दहा झाली की थांब्यावरचं सरासरी ताटकळणं अडीच मिनिटांनी वाढतं. ही अडीच मिनिटं बसच्या वेगाच्या कुठल्याच आकड्यात दिसत नाहीत, कारण तो आकडा प्रवासी बसमध्ये चढल्यावर सुरू होतो.

केंद्राचा पैसा बांधायला मिळतो, ड्रायव्हरच्या पगाराला सहसा मिळत नाही. अमेरिकेतल्या मध्यम शहरांच्या निम्म्या बीआरटी कथांचं मूळ या एका वाक्यात आहे.

केंद्राच्या पैशाला दात असतात, हे मात्र क्लीव्हलँडने एकदा अनुभवलं. मध्यवर्ती पब्लिक स्क्वेअरचा कायापालट करून तो जून २०१६ अखेरीस खुला केला, पुढच्याच महिन्यात रिपब्लिकन पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन शहरात होतं म्हणून. चौकाच्या मधून फक्त बस जातील असं ठरलेलं होतं. नव्या गवतावर आणि कारंज्यांवर लोक इतके खूश झाले की तत्कालीन महापौर फ्रँक जॅक्सन यांनी बस आत नकोच असं ठरवलं. बस चौकाला वळसा घालू लागल्या. तेव्हा केंद्राच्या ट्रान्झिट खात्याने युक्लिड प्रकल्पाच्या करारावर बोट ठेवलं: बसची वाट अडवणार असाल तर सुमारे एक कोटी वीस लाख डॉलर परत करा. मार्च २०१७ मध्ये बस पुन्हा चौकातून जाऊ लागल्या. सोबत सुरक्षेच्या नावाखाली काँक्रीटचे ओबडधोबड अडथळे आले आणि ते पुढे कित्येक वर्षं तिथेच पडून होते.

गंमत बघा. चौक अडवला तर करार आडवा आला. सिग्नल बंद केला, तपासणीची पद्धत मोडली, फेऱ्या विरळ केल्या, तेव्हा अशी वसुलीची नोटीस आली नाही. तुमच्या पुढच्या प्रकल्पाच्या करारात मार्गिकेची लांबी आणि थांब्यांची संख्या असेलच. त्यात ‘अमुक वेळेत टोकापासून टोकापर्यंत’ हा आकडा आणि तो दहा वर्षं सांभाळायची जबाबदारी कुणाची, हेही घालता आलं तर बघा. आणि सिग्नलचं बटण कुणाच्या खात्यात आहे ते निविदा काढायच्या आधी विचारा, नंतर नव्हे.

आता त्या प्रसिद्ध आकड्याबद्दल, कारण तोही तुमच्यापुढे येईलच: बीआरटीवरच्या (रस्ता-पदपथांचा खर्च वगळून धरलेल्या) एका डॉलरमागे ११४ डॉलरची गुंतवणूक युक्लिडवर आली. हा २०१३ चा आयटीडीपीचाच हिशोब, एकूण ५८० कोटी डॉलरचा. गुंतवणूक झाली हे खरं, रस्ता बदललाय हेही खरं. रिकाम्या प्लॉटांच्या जागी इमारती आल्या, प्लेहाउस स्क्वेअरभोवती लोक राहायला आले. पण त्या आकड्यातला मोठा हिस्सा रुग्णालयांच्या आणि विद्यापीठांच्या विस्ताराचा आहे. क्लीव्हलँड क्लिनिकने नवी इमारत बांधली ती बसथांबा समोर आला म्हणून? क्लिनिक तिथे १९२१ पासून आहे आणि हलणारही नव्हतं. उलट या संस्था तिथे होत्या म्हणूनच बीआरटी तिथे आली. पुढच्या गावाने हा आकडा बघून मोकळ्या माळावर मार्गिका टाकली तर एकाचे एकशेचौदा होणार नाहीत. माझं मत विचाराल तर, रस्ता खणून नवा केला, पदपथ रुंद झाले, झाडं आली, याचा परिणाम बसइतकाच असावा. खोदकामाच्या त्या तीन-चार वर्षांत गिऱ्हाईक तुटल्याने जी दुकानं मेटाकुटीला आली, ती मात्र या हिशोबात धरलेली नसतात.

क्लीव्हलँडनंतर बाकी शहरं काय शिकली? थोडक्यात सांगतो. व्हर्जिनियातलं रिचमंड, वस्ती सव्वादोन लाखांच्या आसपास. तिथली ‘पल्स’ जून २०१८ मध्ये सुरू झाली, ब्रॉड स्ट्रीटवरून ७.६ मैल, १४ थांबे, खर्च क्लीव्हलँडच्या एक तृतीयांश. (विजेची ट्राम मोठ्या प्रमाणावर यशस्वी करून दाखवणारं शहरही हेच, १८८८ मध्ये. १९४९ मध्ये तीही गेली.) रिचमंडने त्याच दिवशी शहरातलं बसचं सगळं जाळं पल्सला जोडून नव्याने लावलं, आणि अपेक्षेपेक्षा बरेच जास्त प्रवासी मिळाले. मार्च २०२० पासून भाडंच घेत नाहीत, त्यामुळे कोण तपासणार हा प्रश्नच मिटला. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीने जुन्या रूट ६६ वर, म्हणजे सेंट्रल ॲव्हेन्यूवर मार्गिका आणि थांबे बांधले, २०१७ अखेरीस महापौरांनी कार्यकाळ संपता संपता फीत कापली, आणि विजेवरच्या बस कबूल केलेलं अंतर एका चार्जिंगमध्ये जाईनात, म्हणून त्या परत पाठवून डिझेल बस आणाव्या लागल्या. प्रवासी चढले नोव्हेंबर २०१९ अखेरीस. इंडियानापोलिसच्या ‘रेड लाइन’ याच नावाच्या बीआरटीलाही विजेच्या बसने थंडीत असंच दगा दिला, पण तिथे मतदारांनी २०१६ मध्ये खास वाहतुकीसाठी आयकरात पाव टक्का वाढ मंजूर केली होती, म्हणजे चालवायला पैसा होता. तिथे मग राज्याच्या विधिमंडळात राखीव मार्गिकाच रोखायचे प्रयत्न झाले. प्रत्येक गावात गळती वेगळ्या जागी.

तर हेल्थलाइन फसली का? नाही. जुन्या ६ नंबरपेक्षा ती आजही बरी आहे, रात्री-अपरात्री रुग्णालयातली पाळी संपवून घरी जाणाऱ्या नर्सला आणि सफाई कामगाराला तिचा आधार आहे. मार्गिका शाबूत आहे, त्यामुळे सिग्नल सुरू करून, सगळी दारं उघडून, फेऱ्या वाढवून पुष्कळसं परत मिळवता येईल, तेही फार खर्च न करता. रेल्वे बांधली असती तर इतकं सैल करणं जमलंच नसतं, पण रेल्वे झालीच नसती, हेही तितकंच खरं.

आता भाच्याचं. केस वेस्टर्न रिझर्व्ह युनिव्हर्सिटी सर्कलमध्येच आहे आणि हेल्थलाइन कॅम्पसला लागूनच जाते. पण विमानतळावरून उतरल्यावर त्याला हेल्थलाइन लागणारच नाही. विमानतळाच्या तळघरातून रेड लाइन निघते, न बदलता थेट विद्यापीठापर्यंत येते. ‘सीडर-युनिव्हर्सिटी’ किंवा ‘लिटल इटली-युनिव्हर्सिटी सर्कल’, खोली ज्या बाजूला असेल त्याप्रमाणे उतरायचं. डबे १९८० च्या दशकातले जपानी आहेत, जरा खडखडतात, चालतात ठीक. मध्यवर्ती भागात सरळ जायचं तर रेल्वे पंधरा मिनिटांच्या आसपास नेते, बसला बराच जास्त वेळ लागतो. क्लिनिकमध्ये, क्लीव्हलँड स्टेटला, प्लेहाउस स्क्वेअरला जायचं असेल तर मात्र हेल्थलाइनच, कारण रेल्वे तिथे जातच नाही.

फीमध्ये आरटीएचा पास धरलेला आहे का ते विद्यापीठाला आधी विचारा, असेल तर वेगळा काढू नका. राहायची जागा कॅम्पसपासून चालत जाता येईल अशी बघा, भाडं थोडं जास्त पडलं तरी. गाडीचा हप्ता, विमा आणि पार्किंग धरलं तर फरक वसूल होतो. विमा तिथे नवशिक्या चालकाला चांगलाच महाग पडतो. भारतीय किराणा उपनगरांत मिळतो, त्यासाठी महिन्यातून एकदा सीनिअर मुलांच्या गाडीत जागा मिळवायची, सगळे तेच करतात. रात्री उशिरा एकट्याने थांब्यावर उभं राहण्यापेक्षा विद्यापीठाची स्वतःची शटल असते ती वापरावी. आणि सरोवरावरून येणारा बर्फ फलाटाच्या छपराखाली सहज शिरतो. छप्पर दिसायला छान आहे, आडोसा असा काही नाही. बर्फाचे बूट पुण्यातून नेऊ नका, तिथे ऑक्टोबरात घ्या.